खुराड्यातून फुफ्फुसाकडे

कोल्हापुरात बर्ड फ्लूची बातमी आधी चिकनच्या दुकानात पोचते, दवाखान्यात नंतर. टीव्हीवर पट्टी फिरली की एकदोन दिवसांत ब्रॉयलरचा दर उतरतो आणि मटणाच्या दुकानापुढची रांग वाढते. मटणाच्या दरावरून २०१९ च्या अखेरीस आंदोलन केलेलं हे शहर, त्यामुळे दराची चाहूल त्याला लवकर लागते. ‘तांबडा-पांढरा मुळात मटणाचाच’ असं म्हणत लोक चार-आठ दिवस कोंबडीकडे पाठ फिरवतात आणि मग आखाडी किंवा एखादी जत्रा आली की सगळं विसरून जातात.

या भीतीची जागाच चुकलेली आहे. फ्लूचा विषाणू ७० अंश सेल्सिअसला तग धरत नाही, आणि कोल्हापुरी रस्सा त्याच्या कितीतरी वर रटरटत असतो. ताटात आलेल्या कोंबडीपासून धोका जवळपास नाही. खरी गोष्ट त्याच्या कितीतरी दिवस आधी, तुसावर उभ्या असलेल्या पाच हजार पक्ष्यांच्या शेडमध्ये घडून गेलेली असते. तिथे पहिल्या दिवशी काय दिसलं आणि ते किती दिवसांनी वरपर्यंत पोचलं, यावर पुढचं बरंचसं ठरतं. गेल्या वीस वर्षांत या विषयावर जे संशोधन झालं, त्यातला मोठा भाग फिरून याच मुद्द्यावर येतो. त्यातल्या काही महत्त्वाच्या घटना तर महाराष्ट्रातच घडल्या आहेत.

ताजी घटना नागपूरची. गोरेवाडा इथल्या बचाव केंद्रात डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या दगावला. माणूस आणि वन्यजीव यांच्या संघर्षातून हे वाघ चंद्रपूर भागातून इथे हलवलेले होते. नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत गेले आणि जानेवारीत अहवाल आला, एच५एन१. त्याच महिन्यात लातूर जिल्ह्यात उदगीरला कावळे मरून पडले, रायगडात उरण तालुक्यातल्या चिरनेरला कोंबड्या मेल्या. कावळा, कोंबडी आणि वाघ यांना एकच आजार व्हावा हे ऐकायला विचित्र वाटतं, पण मांजरकुळाला हा विषाणू चांगलाच भोवतो हे २००४ पासून माहीत आहे. थायलंडमधल्या श्रीराचा प्राणिसंग्रहालयात वाघांना कच्च्या कोंबड्या घातल्या जात. त्या ऑक्टोबरात तिथले ४४१ पैकी १४७ वाघ मेले किंवा मारावे लागले. आजार वाघाकडून वाघाकडेही गेला असावा, असा निष्कर्ष तिथल्या अभ्यासकांनी काढला.

भारतात हे प्रकरण सुरू झालं ते नवापूरपासून. नंदुरबार जिल्ह्यातलं हे गाव गुजरातच्या हद्दीला इतकं चिकटलेलं आहे की त्याच्या रेल्वे स्टेशनाचा एक भाग महाराष्ट्रात आणि एक गुजरातेत आहे. २००६ च्या सुरुवातीला इथल्या पोल्ट्रींमध्ये मर लागली. पोल्ट्रीवाल्यांना ती राणीखेत वाटली, म्हणजे गावाकडची मानमोडी. तसं वाटणं साहजिकही होतं. राणीखेत दरसाल कुठे ना कुठे असतेच, तिच्यासाठी लासोटाची लस टोचली-पाजली जाते, आणि लस देऊनही कधीकधी पक्षी जातात. दोन्ही आजारांत पक्षी सुस्त होतो, मान टाकतो, अंडी घटतात. बर्ड फ्लूत तुरा आणि गलोल निळे-जांभळे पडतात, तोंड सुजतं, पायांच्या नळ्यांवर रक्ताळलेले ठिपके येतात. पण मर इतकी झपाट्याची असते की पुष्कळदा ही लक्षणं नीट दिसायच्या आतच शेड आडवी झालेली असते.

१८ फेब्रुवारी २००६ ला भोपाळहून आलेला निकाल जाहीर झाला. देशातल्या कोंबड्यांमधला हा एच५एन१ चा पहिला नोंदलेला उद्रेक. मग पांढरे पोशाख, गॉगल, मास्क घातलेली पथकं, जेसीबीने काढलेले खड्डे, चुन्याची पोती. काही आठवड्यांत जळगाव जिल्ह्यातली गावं, गुजरातेतलं उच्छल, मध्य प्रदेशातलं बऱ्हाणपूर यांचीही पाळी आली, आणि एप्रिलपर्यंत तिन्ही राज्यांत मिळून सुमारे दहा लाख पक्षी मारावे लागले. तिकडे शहरांतून मंत्री आणि आमदार जाहीरपणे चिकनवर ताव मारून दाखवत होते. माणसांचे नमुने पुण्यात तपासले गेले. एकाही माणसाला लागण झाल्याचं सिद्ध झालं नाही.

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, म्हणजे १९५२ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने सुरू झालेल्या आणि लोकांच्या तोंडी ‘एनआयव्ही’ झालेल्या संस्थेने, या उद्रेकातल्या विषाणूचा संपूर्ण जनुकीय आराखडा काढला. तो ‘क्लेड २.२’ या शाखेतला निघाला. ही शाखा वर्षभर आधी चीनच्या चिंगहाई सरोवरावर दिसली होती. तिथे २००५ च्या मे-जूनमध्ये हजारो रानपक्षी मेले, त्यांत पट्टकादंब हंस पुष्कळ होते. हेच पट्टकादंब हिमालय ओलांडून हिवाळ्यात उजनी आणि जायकवाडीला उतरतात. दोन टोकं अशी जुळल्यावर पाहुण्या पक्ष्यांवर आळ येणं सोपं होतं, आणि तो आला. रानपक्षी विषाणू दूरवर नेतात यात शंका नाही. पण एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये तो नेणारी वाहनं फार जमिनीवरची आहेत. अंड्यांचे ट्रे, खाद्याची पोती, पक्षी भरून नेणाऱ्या गाडीची चाकं, आणि एका पोल्ट्रीतून दुसरीत जाणाऱ्या माणसाच्या चपला. पट्टकादंबाला दोष देण्यात खर्च नसतो, चपलांसाठी मात्र शेडच्या दारात औषधाचं पाणी रोज बदलावं लागतं.

जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्यात शेकडो कोंबड्या मेल्या, मुंबई-ठाण्यात कावळे पडले, आणि फेब्रुवारीत पुन्हा नवापूर. या वेळीही लाखांत पक्षी मारावे लागले. फरक इतकाच की पंधरा वर्षांपूर्वीचं बेसावधपण राहिलं नव्हतं. यंत्रणेकडे कृती आराखडा होता, बाधित ठिकाणापासून एक किलोमीटरच्या आतले पक्षी नष्ट करायचे आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवायची, हे ठरलेलं होतं.

मुख्य अडचण आहे ती भरपाईची. २०२१ मध्ये महाराष्ट्रात लागू असलेले दर असे होते: आठ आठवड्यांवरच्या अंडी देणाऱ्या कोंबडीला ९० रुपये, सहा आठवड्यांवरच्या मांसल पक्ष्याला ७०, लहान पिल्लाला २०, अंड्याला ३ रुपये, खाद्याला किलोमागे १२ रुपये. खर्च केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा उचलतात. पण ही भरपाई सरकारी पथकाने मारलेल्या पक्ष्यांची. आधीच मेलेल्या पक्ष्यांचे पैसे मिळत नाहीत. म्हणजे ज्याच्या शेडमध्ये सगळ्यात आधी मर लागली, त्याच्या हाती सगळ्यात कमी येतं. नियमाचा हेतू सरळ आहे: लवकर कळवा, पक्षी जिवंत असताना कळवा. त्याच नियमाकडे पोल्ट्रीवाल्याच्या नजरेतून पाहिलं तर हिशेब उलटाही लागतो. पाचशे पक्षी मेल्यावर कळवलं तर उरलेले साडेचार हजार खड्ड्यात जातील, शेजाऱ्याचेही जातील, शेजारी वर्षभर बोलणार नाही. न कळवता रातोरात गाडी भरून दिली तर निदान उचल फिटेल. करारावर पक्षी वाढवणाऱ्याचं तर आणखी वेगळं. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, याची फक्त शेड, वीज आणि मेहनत. त्याला किलोमागे वाढवणावळ मिळते. पक्षीच त्याच्या मालकीचे नाहीत तर भरपाई कोणाच्या खात्यावर, हा प्रश्न त्याच्या डोक्यात आधी येतो, विषाणू नंतर.

प्राण्यांमधल्या साथरोगांचा २००९ चा केंद्रीय कायदा मालकावर कळवण्याची सक्ती करतो. सक्तीने किती जण कळवतात हे सांगायला कोणा तज्ज्ञाची गरज नाही.

आता विषाणूकडे. इन्फ्लुएंझा ए हा अगदी छोटा जीव, आठ तुकड्यांत विभागलेला जनुकसंच घेऊन फिरणारा. त्याच्या अंगावर दोन प्रकारचे काटे असतात. एच म्हणजे हिमॅग्लुटिनिन, पेशीला चिकटायचं. एन म्हणजे न्यूरामिनिडेज, पेशीतून बाहेर पडताना बंध तोडायचं. पाणपक्ष्यांत एच चे सोळा प्रकार आणि एन चे नऊ सापडतात, आणि त्यांच्या जोड्यांवरून एच५एन१, एच९एन२ ही नावं पडतात. पाणपक्ष्यांच्या आतड्यात हे विषाणू बहुधा काही त्रास न देता राहतात. कोंबडीत शिरल्यावर एच५ आणि एच७ गटातल्या काहींचा स्वभाव पालटतो आणि ते अख्ख्या शरीरात पसरतात.

मग माणसात ते सहज का पसरत नाहीत? पहिलं कारण पेशीच्या दारात आहे. पेशींच्या पृष्ठभागावर सायालिक आम्ल असलेल्या साखरेच्या साखळ्या असतात आणि विषाणू त्यांना धरून आत शिरतो. पक्ष्यांच्या आतड्यात या साखळीचा जोड एका पद्धतीचा, त्याला अल्फा २,३ म्हणतात. माणसाच्या नाका-घशात दुसऱ्या पद्धतीचा, अल्फा २,६. कडी एका मापाची आणि कोयंडा दुसऱ्या मापाचा असला की दार लागत नाही, तसंच हे. गंमत अशी की पक्ष्यांच्या मापाचे जोड माणसातही आहेत, पण फुफ्फुसांत खोलवर. हे २००६ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवलं, आणि बर्ड फ्लूचं एक कोडं सुटलं. ज्याला लागण होते त्याचा न्यूमोनिया भयंकर असतो, कारण विषाणू खाली रुजतो. पण तो शिंकेतून, खोकल्यातून फारसा बाहेर पडत नाही, कारण वर नाका-घशात त्याला थारा नसतो. २००३ पासून जगभरात एच५एन१ च्या मानवी रुग्णांची नोंद हजाराच्या घरात आहे आणि त्यातले जवळपास निम्मे दगावले. सौम्य रुग्ण नोंदीतच येत नसल्याने खरं प्रमाण कमी असणार. तरीही आकडा हलका नाही.

या मापात बदल व्हायला किती लागतं? डिसेंबर २०२४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकेतल्या स्क्रिप्स संशोधन संस्थेच्या जेम्स पॉलसन आणि इयन विल्सन यांच्या गटाने याचं उत्तर दिलं. त्यांनी टेक्सासमधल्या एका रुग्णाकडून मिळालेल्या, गायींत पसरलेल्या एच५एन१ च्या एच प्रथिनाचा अभ्यास केला आणि त्यातला २२६ व्या जागेवरचा एकच घटक बदलला. तेवढ्याने ते प्रथिन पक्ष्यांची साखळी सोडून माणसाची साखळी धरू लागलं. पूर्वी अशा विषाणूला किमान दोन-तीन बदल लागतील असा अंदाज होता. हा प्रयोग प्रथिनावरचा होता, जिवंत विषाणूवरचा नव्हे, आणि साथ पसरायला आणखी बरंच काही जुळून यावं लागतं. पण एकाच पायरीचं अंतर ऐकून या क्षेत्रातले लोक सावध झाले, ते उगाच नाही.

गायींचा उल्लेख आला तर तेही सांगून टाकायला हवं. मार्च २०२४ मध्ये टेक्सास आणि कॅन्ससमधल्या दुभत्या गायींत एच५एन१ सापडला, तेव्हा जगातल्या पशुवैद्यांनी तोंडात बोटं घातली. गायीच्या कासेत दोन्ही मापांच्या साखळ्या असतात असं नंतर दिसलं. दूध काढायच्या यंत्रातून विषाणू या गायीकडून त्या गायीकडे गेला, कच्चं दूध प्यायलेली गोठ्यातली मांजरं मेली, आणि कामगारांचे डोळे आले. अमेरिकेत सत्तरच्या आसपास माणसांना लागण झाली, त्यांतली बहुतेक सौम्य. जानेवारी २०२५ मध्ये लुईझियानात पहिला मृत्यू झाला, तो मात्र परसातल्या आणि रानपक्ष्यांच्या संपर्कातून. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर रात्री म्हशीचं धारोष्ण दूध पिणाऱ्या कोल्हापूरकराच्या मनात इथे शंका येणारच. अमेरिकेतला तो विषाणू-प्रकार इथल्या गोठ्यांत आढळलेला नाही. पाश्चरीकरणात तो मरतो, पिशवीच्या दुधाचा प्रश्न मिटला. कट्ट्यावरच्या फेसाळत्या ग्लासाची बाजू मात्र पशुवैद्य आधीही घेत नव्हते. क्षय आणि ब्रुसेलोसिस ही कारणं त्यांना पुरेशी होती.

माणसात सहज न पसरण्याचं दुसरं कारण तापमानाचं. बदकाच्या आतड्यात चाळीस-बेचाळीस अंश उष्णता असते, माणसाच्या नाकात साधारण तेहतीस. पक्ष्यांच्या विषाणूचं नकला काढायचं यंत्र माणसाच्या पेशीत नीट चालत नाही. लंडनच्या इम्पीरिअल कॉलेजमधल्या वेंडी बार्कले यांच्या गटाने २०१६ मध्ये दाखवलं की या यंत्राला पेशीतल्या एएनपी३२ए नावाच्या प्रथिनाची मदत लागते, आणि ते प्रथिन पक्ष्यांत जरा लांब, सस्तन प्राण्यांत आखूड असतं. पीबी२ नावाच्या विषाणू-प्रथिनात ६२७ व्या जागी एक बदल झाला की आखूड प्रथिनावरही भागतं. १९१८ च्या महासाथीच्या विषाणूत तो बदल होता.

तापाबद्दलचं त्याहून नवं संशोधन २०२५ च्या नोव्हेंबरचं, केंब्रिज आणि ग्लासगोच्या शास्त्रज्ञांचं. आपल्याला फ्लूत ताप येतो तो शरीराने विषाणूवर लावलेली आच असते, हे जुनं अनुमान होतं. उंदरांना फ्लूत सहसा ताप येत नाही. म्हणून संशोधकांनी आजूबाजूचं तापमान वाढवून त्यांचं अंग तापवलं. माणसांत रुळलेल्या विषाणूची मारक लागण अवघ्या दोन अंशांच्या वाढीने सौम्य झाली. पण त्याच विषाणूला पक्ष्यांच्या वळणाचं पीबी१ जनुक दिलं, तेव्हा तापाचा त्याच्यावर परिणाम होईना. उंदीर गंभीर आजारी पडले. १९५७ आणि १९६८ च्या दोन्ही महासाथींत मानवी फ्लूने पक्ष्यांकडून नेमकं हे पीबी१ उचललं होतं. म्हणजे पक्ष्यांचा विषाणू माणसात शिरला तर शरीराचं एक जुनं हत्यार बोथट असेल. यावरून लगेच पॅरासिटामॉल फेकून द्यायचं नसतं, संशोधकांनीही तसं म्हटलेलं नाही.

आणखी एक पहारेकरी ग्लासगोच्याच गटाने २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडला. माणसाच्या पेशीत बीटीएन३ए३ नावाचं जनुक आहे. पक्ष्यांच्या बहुतेक फ्लू विषाणूंना ते आत आल्यावर रोखतं, माणसांच्या हंगामी फ्लूला मात्र रोखत नाही. विसाव्या शतकापासूनच्या सर्व मानवी महासाथींच्या विषाणूंनी या पहाऱ्यातून निसटायचा मार्ग शोधलेला होता. आता नव्या विषाणूचा जनुकीय आराखडा आला की तो याही कसोटीवर पाहता येतो.

एच५एन१ च्या गाजावाजात एच९एन२ कडे कोणाचं लक्ष नसतं. तो कोंबड्या फारशा मारत नाही, फक्त अंडी कमी होतात, म्हणून त्याची बातमी होत नाही. भारतातल्या पोल्ट्रीत तो वर्षानुवर्षं मुरलेला आहे. पुण्याच्या एनआयव्हीने २०१० मध्ये पुणे परिसरातल्या पोल्ट्री कामगारांचं रक्त तपासलं तेव्हा काहींच्या रक्तात एच९एन२ विरुद्धची प्रतिपिंडं सापडली. विषाणू येऊन गेला होता आणि त्यांना पत्ताही नव्हता.

पुढची कडी मेळघाटात सापडली. अमरावती जिल्ह्यातल्या या कोरकू मुलखात डॉ. आशिष सातव यांची ‘महान’ ही संस्था काम करते. तिथे ९३ गावांत लहान मुलांमधल्या आरएसव्ही या श्वसनविकाराच्या विषाणूची पाहणी चालू होती. बर्ड फ्लू कोणी शोधतच नव्हतं. २०१९ च्या जानेवारी अखेरीस सतरा महिन्यांच्या एका मुलाला ताप, खोकला, धाप लागली, दूध पिता येईना. त्याच्या नाका-घशातला नमुना पुण्याला गेला आणि डॉ. वर्षा पोतदार यांच्या चमूला त्यात एच९एन२ मिळाला. भारतातला हा पहिला मानवी रुग्ण. मुलगा बरा झाला. वडिलांनाही तशीच लक्षणं होती, ते आधी एका धार्मिक मेळाव्याला जाऊन आले होते. पण त्यांच्यावर शिक्कामोर्तब होऊ शकलं नाही. दुसऱ्या आजारासाठी लावलेल्या जाळ्यात हा मासा अडकला. त्या वर्षी ती पाहणी नसती तर देशाचा ‘पहिला रुग्ण’ पश्चिम बंगालमधलं चार वर्षांचं मूल ठरलं असतं, पाच वर्षांनी, २०२४ मध्ये. एच९एन२ विरुद्ध कोंबड्यांसाठी भोपाळच्या संस्थेने लस तयार केली आणि २०२२ मध्ये तिचं तंत्रज्ञान कंपन्यांना दिलं. एच५एन१ विरुद्ध मात्र देशात कोंबड्यांना लस दिली जात नाही, पक्षी नष्ट करणं हेच धोरण आहे.

एच९एन२ सौम्य आहे तर त्याची चिंता का करायची? कारण त्याची जनुकं इतरांच्या कामी येतात. १९९७ चा हाँगकाँगचा एच५एन१ आणि २०१३ चा चीनमधला एच७एन९ या दोघांची आतली जनुकं एच९एन२ च्या घराण्यातून आलेली होती. एका पेशीत दोन फ्लू विषाणू एकाच वेळी शिरले तर आठ तुकड्यांची सरमिसळ होऊन तिसराच बाहेर पडू शकतो. हे डुकरांत सहज घडतं. २००९ चा एच१एन१ असाच निघाला, त्यात पक्षी, माणूस आणि डुक्कर तिघांची जनुकं होती. तो मेक्सिकोतून निघून काही महिन्यांत पुण्यात पोचला. ३ ऑगस्ट २००९ ला पुण्यात एका शाळकरी मुलीचा मृत्यू झाला, देशातला त्या साथीचा पहिला. नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी रांगा लागल्या, रुमालांचे मास्क झाले, टॅमीफ्लू हा शब्द रिक्षावाल्यांच्याही तोंडी आला. वर्षभरात पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटने नाकात फवारायची ‘नेझोव्हॅक’ ही लस आणली. सगळे जण आग्नेय आशियातल्या कोंबड्यांकडे डोळे लावून बसलेले असताना साथ दुसऱ्याच खंडातल्या डुकरांतून आली, याची आठवण अंदाज वर्तवणाऱ्यांना अधूनमधून करून द्यावी लागते.

जन्मसालाची गोष्ट तर कट्ट्यावर सांगण्यासारखी आहे. २०१६ मध्ये कॅलिफोर्निया आणि ॲरिझोनातल्या संशोधकांनी एच५एन१ आणि एच७एन९ च्या रुग्णांची वयं मांडली. एच५एन१ ने तरुण जास्त धरले, एच७एन९ ने म्हातारे. उलगडा असा, की लहानपणी पहिल्यांदा झालेला फ्लू शरीराच्या लक्षात जन्मभर राहतो. १९६८ च्या आधी जन्मलेल्यांना पहिली गाठ पडली ती एच१ किंवा एच२ शी, आणि ते एच५ चे नातलग. त्या लोकांना एच५एन१ पासून बऱ्यापैकी संरक्षण मिळालं. १९६८ नंतर एच३ आला, तो एच७ च्या गोतावळ्यातला. म्हणजे एच५ ची साथ आली तर घरातले आजोबा नातवापेक्षा बरे असू शकतील. इतर सगळ्या बाबतींत आजोबांची फुफ्फुसं जुनीच राहतात हे अर्थात वेगळं.

साथ अडवायला वेळ किती मिळतो, हा प्रश्न उरतो. हाँगकाँगमध्ये मे १९९७ मध्ये तीन वर्षांचा एक मुलगा दगावला. त्याच्यातला विषाणू एच५एन१ आहे हे कळायला ऑगस्ट उजाडला, कारण माणसात असा काही मिळेल अशी कोणाची कल्पनाच नव्हती. वर्षअखेरीस रुग्ण १८ झाले, त्यातले सहा गेले. तेव्हा आरोग्य संचालक मार्गारेट चॅन यांच्या काळात शहरातल्या सगळ्या, पंधरा लाखांच्या आसपास कोंबड्या काही दिवसांत मारण्यात आल्या आणि साखळी तुटली.

अशोका विद्यापीठाचे गौतम मेनन आणि फिलिप चेरियन यांनी २०२५ मध्ये हा वेळ मोजायचा प्रयत्न केला. तमिळनाडूतलं नामक्कल हे अंड्यांचं आगर. तिथल्या एका गावाची घरं, शाळा, कामाच्या जागा संगणकावर उभ्या करून त्यांनी एच५एन१ सोडून पाहिला. दोन रुग्ण सापडताच त्यांच्या घरच्यांना अलग ठेवलं तर उद्रेक जवळपास नक्की थांबतो. दहा रुग्ण होईपर्यंत थांबलं, तर तो गावात पसरलेला असण्याचीच शक्यता जास्त. पक्षी मारण्याचा उपयोगही माणसाला लागण होण्याआधीच. हे प्रतिरूप आहे, भाकीत नव्हे.

दोन ते दहा रुग्णांमधलं हे अंतर कोल्हापूर जिल्ह्यात कसं कापलं जाईल? हातकणंगले-शिरोळकडच्या एखाद्या शेडमध्ये मर लागली, तर मालक आधी औषधवाल्याला फोन लावतो, मग कंपनीच्या सुपरवायझरला, मग गावच्या पशुवैद्यकाला. पक्ष्याच्या श्वासनलिकेतून आणि गुदद्वारातून बोळ्यावर घेतलेले नमुने बर्फात ठेवून पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागात जातात, संशय पक्का झाला तर तिथून भोपाळला. माणसाचा मार्ग वेगळा. खोकला-तापाचा रुग्ण आधी फॅमिली डॉक्टरकडे, बळावला तर सीपीआर या सरकारी रुग्णालयात. नमुना फ्लू ए निघाला पण एच१ ही नाही आणि एच३ ही नाही, तर तो एनआयव्हीला जायला हवा. ‘तुमच्याकडे कोंबड्या आहेत का, परवा कुठे मेल्या का?’ हे डॉक्टरने विचारलं, तरच पशुसंवर्धन आणि आरोग्य या दोन खात्यांचे कागद एकमेकांना भेटतात.

परसातल्या डालग्याखालच्या चार कोंबड्यांची नोंद कुठेच नसते. त्याहून निसटता आहे तो पक्षी पकडणारा माणूस. ब्रॉयलरची बॅच तयार झाली की रात्री गाडी येते, सोबत सहा-आठ जणांची टोळी. अंधारात पक्षी शांत असतात, म्हणून हे काम रात्रीचं. पायांना धरून एका हातात चार-पाच पक्षी, क्रेटमध्ये कोंबायचे, तूस आणि पिसांचा धुरळा नाकातोंडात. मास्क कोणी लावत नाही, उकाड्यात गुदमरतं. पहाटेपर्यंत दोन शेड होतात, उद्या दुसरा तालुका. अमेरिकेतल्या रोगनियंत्रण केंद्राने पोल्ट्री आणि गोठ्यातल्या कामगारांना हंगामी फ्लूची लस घ्यायला सांगितलं आहे. ती एच५एन१ ला अडवत नाही, पण माणसाचा फ्लू आणि पक्ष्याचा फ्लू एकाच अंगात एका वेळी भेटण्याची शक्यता कमी करते. आपल्याकडे ही लस खासगी दवाखान्यात पैसे मोजून मिळते आणि तिची किंमत या टोळीतल्या माणसाच्या रात्रीच्या मजुरीहून जास्त पडते. कंपनीच्या वहीत पक्ष्यांचं वजन असतं, मर असते, खाद्याचा हिशेब असतो. टोळी ठेकेदाराची असल्यामुळे तिच्यातल्या माणसांची नावं ठेकेदाराच्या मोबाइलमध्ये असतात. साथ आली तर पशुवैद्यकाला पहिला फोन त्या ठेकेदारालाच लावावा लागेल.